तीन वाजून दहा मिनिटं

लेकीनं मनगटाला घड्याळ बांधलंय,
वेळ बघायला नाही.
वेळ मी अजून भुकेवर ओळखतो.
हे घड्याळ मला बघतं.

वाशीच्या मार्केटात एकतीस वर्षं
पाठीवर पोती घेतली,
कांद्याची, बटाट्याची, पन्नास किलोची.
दर पोत्यामागं मुकादम भिंतीवर खडूनं रेघ मारायचा,
चार उभ्या, पाचवी आडवी.
आता पावलापावलाला हे घड्याळ रेघ मारतं
आणि वाराई कुणी देत नाही.

छाती उघडून पुन्हा तारेनं बांधलीय,
पोत्याचं तोंड दाभणानं शिवतात तशी.
डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय,
दोन किलोच्या वर उचलू नये.
मी बायकोला म्हटलं, नीट वाच,
पुढचं शून्य राहिलं असंल.

मंगळवारी आणि शुक्रवारी
नेरुळच्या हॉस्पिटलातून नीलोफर मॅडम
मोबाईलच्या काचेत येतात.
खुर्चीतनं उठा. बसा. उठा.
चालताना बोलता आलं पाहिजे काका,
गाता नाही आलं तरी चालेल.
मी म्हणतो, गाता तसंही येत नाही.
कोपरखैरण्याच्या उद्यानात मी मग
स्वतःशी बोलत फेऱ्या मारतो,
लोक वाट सोडून देतात.

एकदा कंटाळा आला.
घड्याळ नातवाच्या हाताला बांधून
मी बाकावर शेंगा खात बसलो.
दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन:
काका, काल साडेसहाला एकशे बासष्ट ठोके,
रन काढत होतात का?
विराज आऊट झाला तेवढ्यात, मी म्हटलं.
मॅडम हसल्या, मीही हसलो,
टाक्यांना हात लावून, जपून.

गेल्या शुक्रवारी मात्र हसल्या नाहीत.
काचेत एक रेघ दाखवली,
सपाट माळासारखी, आणि मधेच एक टेकाड.
म्हणाल्या, रोज रात्री, तीन वाजून दहा मिनिटांनी,
झोपेतच तुमचं हृदय पळायला लागतं.
वीस मिनिटं. मग शांत.
काय होतं तीन दहाला?

मी पाणी प्यालो.
तीन दहाला, मॅडम,
लासलगावच्या गाड्या गेटातनं आत यायच्या.
मागचा फाळका पडायचा, धाडकन.
तोवर आपण डोक्याला फडकं बांधून उभं असायचं,
नाहीतर पहिली गाडी दुसऱ्या टोळीला.

सात महिने झाले मार्केट सोडून.
मी सोडलं.
ह्याला कुणी सांगितलंच नाही.
हा रोज रात्री उठतो, फडकं बांधतो,
गेटाशी जाऊन उभा राहतो,
माझी झोपसुद्धा न मोडता.

मॅडम बराच वेळ काही लिहीत होत्या.
मग म्हणाल्या, जाग आली तर उठून बसा,
चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर.
औषधाचं डॉक्टरांशी मी बोलते.

काल जाग आली.
खिडकीत बसलो. चार आत, सहा बाहेर.
ठाणे-बेलापूर रस्त्यावर एकच टँकर गेला.
आनंदा ओंबळे आठवला,
चौथ्या गाळ्यात पोत्यासकट खाली बसलेला.
आम्हाला वाटलं, दम खातोय.
व्यापारी म्हणाला, उठवा त्याला, गाडी थांबलीय.
त्याच्या मनगटावर
नुसता काळा दोरा होता.
हे मॅडमना सांगितलेलं नाही.
रेघेत दिसलं असंल काहीतरी.

घड्याळावर हिरवा दिवा लुकलुकत होता,
शंभर, अठ्ठ्याण्णव, पुन्हा शंभर.
मी हात छातीवर ठेवला,
शिवणीच्या जरा डावीकडं,
आणि हळूच म्हटलं,
आज गाडी नाही रे. झोप.

अंधारातनं बायको म्हणाली,
कुणाशी बोलताय?